काटा मी वाचत असे

आमच्या घरी वजनाचा काटा आला तो बाबांच्या साहेबांची मद्रासला बदली झाली म्हणून. निघताना साहेबांनी बरंच सामान वाटून टाकलं, त्यात हा पायाखाली ठेवायचा काटा बाबांच्या वाट्याला आला. वरती काळं रबर, पुढे जाड काचेखाली फिरणारी तबकडी. सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधून बाबांनी तो सरोजिनीनगरच्या आमच्या क्वार्टरपर्यंत आणला आणि पहिल्या मजल्यावर चढवताना चार बिऱ्हाडांनी तो पाहिला. खालच्या मजल्यावरच्या कमलेश आंटीने तिथूनच ओरडून विचारलं, "भाईसाहब, अब सब्ज़ी घर में तोलोगे?" बाबा हसले नाहीत. ते विनोदाला जरा उशिराच पोचत. वर आल्यावर, काटा पलंगाखाली सरकवून झाल्यावर, ते एकटेच हसले.

बाबांनी तो घेतला याचं कारण आई होती. त्याच्या दोन वर्षं आधी आईला तिसरं मूल झालं होतं. मुलगा. तो थोडेच दिवस जगला. मिरजेहून मावशी आली होती ती परत गेली, बाळंतपणासाठी केलेले डिंकाचे लाडू मी आणि माझा भाऊ शिरीष यांनी शाळेच्या डब्यात नेऊन संपवले, आणि त्या विषयावर आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. आई मात्र पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. झोपायची म्हणजे पडून राहायची. स्वयंपाक करायची, आमचे गणवेश धुवायची, आणि हातातलं काम संपलं की परत भिंत. अंग सुटत गेलं. जिने चढताना ती कठड्याला धरून मध्येच थांबायची आणि खालच्या पायरीकडे बघत राहायची. दुपारी शाळेतून आले की मी तिच्या पाठीशी जाऊन पडायची. ती हात मागे करून माझा हात धरायची, काही बोलायची नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तेवढ्या वेळापुरती ती फक्त माझी असायची.

गुडघे दुखतात म्हणून बाबा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांबद्दल विचारलं, आईने गुडघ्यांबद्दलच सांगितलं. रक्तदाब पाहिला आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: वजन कमी करणे, रोज सकाळी चाळीस मिनिटं चालणे. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शनमध्ये होते आणि त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, लेखी आणि तोंडी. तोंडी सांगितलेलं ते विसरून जात. ही चिठ्ठी त्यांनी काकांनी पाठवलेल्या मराठी कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवली आणि आईला म्हणाले, "आता हे लेखी आहे. उद्यापासून जायचं." आई म्हणाली, "एकटी? या दिल्लीत?" बाबांनी गॅलरीतून खाली वाकून कमलेश आंटीला हाक मारली.

कमलेश आंटी उंच, हाडापेराची बाई. आवाज असा की पार्कच्या त्या टोकाला ती शिंकली तर या टोकाला माळी वळून बघायचा. तिला एक ग्रॅम वजन कमी करायचं नव्हतं. सासूच्या तोंडून सकाळचे पहिले शब्द ऐकावे लागू नयेत म्हणून ती फिरायला जाते, असं ती सासूच्या देखत सांगायची. आईकडे बूट नव्हते. माझे जुने पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट तिला बरोबर झाले. नेसलेली सुती साडी जरा वर खोचलेली, खाली शाळेचे मोजे आणि ते बूट, अशी माझी आई दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदाच बाबांशिवाय घराबाहेर पडली.

पहिल्या रविवारी वजन झालं. आंघोळ उरकून आई काट्यावर उभी राहिली. पोटाच्या आडून तिला तबकडी दिसेना. चष्माही नव्हता. बाबा आकडा बघायला वाकले तर ती झटकन खाली उतरली.

"अहो, हे काय! माझ्या पायाशी वाकताय?"

"अगं, आकडा बघतोय."

"बघू नका. पाप लागेल मला. नंदू बघेल."

"सरकारी डॉक्टरचा हुकूम आहे, पाप सरकारला लागेल," बाबा म्हणाले, पण ते मागे सरले. आणि तेव्हापासून दर रविवारी आईच्या पायाशी उकिडवं बसून आकडा वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायचं, बाबांनी वर्तमानपत्र खाली न ठेवता पेन्सिलने कॅलेंडरवरच्या रविवारच्या चौकोनात तो लिहायचा. पहिला आकडा अठ्ठ्याहत्तर.

पुढच्या दोन-अडीच महिन्यांत काय झालं ते मला आज नीट दिसतं. तेव्हाही दिसत होतं, पण मी त्याला नाव देत नव्हते. आई रात्री झोपू लागली. पहाटे गुरुद्वाऱ्याचा भोंगा सुरू व्हायच्या आत ती उठून बूट घालत असायची. परत यायची तेव्हा तिच्या अंगाला थंड हवेचा आणि ओल्या गवताचा वास असायचा. जिन्यात ती कठडा धरेनाशी झाली. दुपारची डोकेदुखी गेली. एकदा भाजीवाल्याने जून भेंडी दिली तर तिने ती त्याच्यापुढे मोडून दाखवली आणि अशा काही हिंदीत त्याला सुनावलं की मी आणि शिरीष गॅलरीत तोंडात बोळे कोंबून हसलो. मुळ्याचे पराठे करायला शिकली. त्यांत ती आपला गोडा मसाला घालायची, आणि कमलेश आंटी म्हणायची, "भाभी, ये न पंजाब का रहा न महाराष्ट्र का, लेकिन एक और दे." तवा तापत असताना आई गुणगुणायची. चालच असायची, शब्द नसायचे. बाबा दाढी करता करता थांबून ऐकायचे, साबण गालावर वाळून जायचा.

मी आता गुरुग्रामला अकराव्या मजल्यावर राहते. मागच्या वर्षी झोप उडाली म्हणून डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, रोज चाला. मी म्हटलं, माझं वजन तर कमीच आहे. तो तरुण मुलगा हसला. "मॅडम, वजन ही चालण्याची सगळ्यात शेवटची गोष्ट. झोप, मन, तोल, आठवण, हे सगळं आधी सुधारतं. काट्यावर काहीच दिसत नाही त्यातलं." मी त्याच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत बसले. त्याला वाटलं, मला पटलेलं नाही.

तर मी. मी दहावीला होते. आई फिरायला जाणार म्हणून बाबांचा चहा, शिरीषचा डबा, बंबात पाणी हे माझ्यावर आलं. अभ्यासाची वेळ तीच. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, आणि ते खोटं नाही. शाळेची बस पार्कच्या फाटकापाशीच थांबायची. एकदा वर्गातल्या मुलींनी आईला बघितलं. साडीवर बाबांचा तपकिरी स्वेटर, खाली बूट, हात जोरजोरात हलवत, कमलेश आंटीबरोबर खदखदून हसत चाललेली. "अरे नंदा, तेरी मम्मी का भी पीटी पीरियड है क्या?" बसभर हशा झाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. हेही कारण खरं आहे. पण या दोन्हींच्या खाली आणखी एक होतं, आणि ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मला तिचं ते हसणं सहन होत नव्हतं. दोन वर्षं दुपारी मी तिच्या पाठीशी पडून राहिले होते. तिला हसवायला मी काय काय केलं होतं, मास्तरांच्या नकला केल्या होत्या, पहिला नंबर आणला होता. ती हसली नव्हती. आणि आता एका परक्या बाईबरोबर, माझे बूट घालून, ती रस्त्याने हसत चालली होती. आता दुपारी मी पलंगाकडे जायचे तर पलंग रिकामा असायचा. ती खाली आंटीकडे स्वेटरचे टाके शिकत असायची.

नवरात्रानंतरच्या एका रविवारी काटा सत्याहत्तरवर आला. मी उकिडवी बसले होते. आईने वरून विचारलं, "किती गं?" आणि मी म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर." ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. बाबांनी लिहून घेतलं. काहीच झालं नाही, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा म्हटलं. मग ते सोपं होत गेलं. एकदा तर "साडेअठ्ठ्याहत्तर" म्हणाले आणि बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवून आईकडे पाहिलं. आई ओशाळली. म्हणाली, "पराठे कमी करते."

मार्गशीर्ष लागला, धुकं पडायला लागलं. एका शनिवारी संध्याकाळी बाबा कॅलेंडरची पानं मागे-पुढे करत म्हणाले, "तीन महिने झाले. आकडा जिथे होता तिथेच आहे. थंडी ही अशी, नंदूची बोर्डाची परीक्षा, पोरगी पहाटे उठून चहा करते. मला वाटतं, आता पुरे करावं." ते दुष्टपणाने बोलले नाहीत. ज्या कारणासाठी मंजुरी होती ते कारण सिद्ध होत नव्हतं, एवढंच त्यांना दिसत होतं.

आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "आणखी आठ दिवस बघू या का?" ती म्हणाली. "पुढच्या रविवारपर्यंत?"

"बघ की. माझी कुठे ना आहे?"

त्या आठवड्यात आई रात्रीची जेवली नाही. आम्हाला वाढायची, "मी मागून बसते" म्हणायची आणि मागून बसायची नाही. सकाळी फिरून आली की नुसता चहा. बुधवारी ती ओट्याला धरून थोडा वेळ उभी राहिली, मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, उठताना अंधारी आली." मी बघत होते. ती कशासाठी झगडते आहे ते मला कळत होतं. इतकं मात्र कळत नव्हतं की ते वजनासाठी नाही.

रविवारी बाहेर दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बाबा खोलीतच बसले होते, मफलर बांधून. आईने शाल काढली. मग स्वेटर काढला. मग हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि शिरीषच्या हातात दिल्या. तो म्हणाला, "आई, बांगड्यांचं कितीसं वजन असणार?" "असू दे रे, असेल ते असेल," ती म्हणाली. गार फरशीवरून अनवाणी आली आणि काट्यावर उभी राहिली. श्वास रोखून उभी होती. मी खाली बसले. तिच्या पायांची बोटं थंडीने पांढरी पडली होती आणि ती त्यांनी काट्याचं रबर धरून होती, लहान मुलं झोपाळ्यावर उभी राहताना धरतात तशी. तबकडी हलून थांबली. पंचाहत्तरच्या किंचित पुढे.

"किती गं, नंदू?"

तिने मला नंदू म्हणायला नको होतं, असं मला नंतर कितीदा वाटलं. काही उपयोग झाला असता असं नाही.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हटलं.

ती लगेच उतरली नाही. "नीट बघ बरं," म्हणाली. मी नीट बघितल्यासारखं केलं. "अठ्ठ्याहत्तरच आहे, आई." मग ती उतरली. शिरीषच्या हातातून बांगड्या घेऊन एकेक करून परत घालत म्हणाली, "मशीन कशाला खोटं बोलेल?" बाबा काहीतरी समजुतीचं बोलले, उन्हाळ्यात पुन्हा सुरू कर वगैरे. दुपारी तिने बूट धुतले, त्यांना खडू लावला, गॅलरीत वाळवले आणि कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खालून हाक आली, "भाभीऽ! चलो!" आई जागी होती. डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत होती. मी शाल गुंडाळून जिन्यात गेले आणि सांगितलं, "आंटी, मम्मी सो रही हैं." मंगळवारी तेच. तिसऱ्या दिवशी आंटी म्हणाली, "इतना तो कभी नहीं सोती थी." मी म्हटलं, "अब घूमने का मन नहीं करता उनका." पंधरा-वीस दिवस ती हाक मारत होती. एका रविवारी दुपारी भेटायला वरही आली. आई पलंगावर उठून बसली, तिला चहा दिला, आणि बाबा घरात असल्यामुळे दोघी स्वेटरच्या टाक्यांबद्दल बोलल्या. उन्हाळ्यात आंटीच्या नवऱ्याला दुसरीकडे मोठा क्वार्टर मिळाला आणि ते गेले.

माझी दुपार मला परत मिळाली. पण मी तिच्या पाठीशी जाऊन पडले तेव्हा तिने हात मागे केला नाही.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. झोपेच्या गोळ्या लागल्या, मग रक्तदाबाच्या, मग एक बाजू अधू झाली. आम्ही तिचं सगळं केलं. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. मी तिचे पाय चेपत असताना कितीदा तोंड उघडलं आणि विचारलं ते हेच, की पाणी देऊ का. मागच्या वर्षी ती गेली.

जुन्या कॉलनीवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. शिरीषने तिथे आई गेल्याचं कळवलं, आणि महिन्याभराने कमलेश आंटीच्या सुनेचा फोन आला. मम्मीजी आपको याद करती हैं. आंटी माझ्या घरापासून चार सोसायट्यांपलीकडे राहते आहे हे मला तेव्हा कळलं. नव्वदीला टेकलेली, आता काठी घेऊन चालणारी, आवाज मात्र तोच. लिफ्टपासून दारापर्यंत येईस्तोवर मला तो ऐकू येत होता.

तिने मला जवळ बसवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हातामुळे असेल, मी तिला सगळं सांगून टाकलं. काटा, आकडा, बसची खिडकी, जिन्यातलं उत्तर. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं होतं ती म्हणेल, बच्ची थी तू. ती तसं म्हणाली नाही. तिने हात काढून घेतला.

"मैं समझी भाभी मुझसे नाराज़ हैं," ती म्हणाली. "इतने साल."

 तिची सून चहा ठेवून गेली.

"और तूने सोचा वो पतली होने आती थी?"

"डॉक्टरने लिहून दिलं होतं," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. तिला कळलं.

"लिखा था, इसलिए तो आ पाती थी. और क्या कहकर निकलती? कि मुझे रोना है, घंटा भर छुट्टी दो?" आंटी हळूहळू सांगत गेली. पहिले आठ दिवस आई एक अक्षर बोलली नाही, नुसती चालली, आणि चालता चालता रडत होती. मग दुसऱ्या फेरीपर्यंत रडायची आणि तिसऱ्या फेरीला बोलायची. बाळाबद्दल. त्याच्या कपाळावरच्या जावळाबद्दल. त्याचं बारसं झालं नव्हतं. अकराव्या दिवशीच तो गेला होता, बाराव्या दिवशीचा पाळणा सजवून ठेवला होता तसाच राहिला. घरात सगळे त्याला 'ते बाळ' म्हणत, आणि नंतर तेही म्हणेनासे झाले. "लेकिन भाभी ने नाम रखा था," आंटी म्हणाली. "मन में पहले से. किसी को नहीं बताया था, भाईसाहब को भी नहीं. मुझे बताया. फिर रोज़ नाम लेकर बात करती थी उसकी, आज दो साल का होता, अब तो बोलने लगता. हँसती भी थी. तू जो बस की खिड़की से देखती थी न, वही."

 मी विचारलं, "क्या नाम था, आंटी?"

तिने तोंड उघडलं. मग मिटलं. काठीच्या मुठीवर तिची बोटं हलत राहिली. "ठहर," म्हणाली. "मराठी नाम था. छोटा-सा. अभी आएगा." आम्ही थांबलो. चहावर साय धरली. "हाय रब्बा," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, "मैं भूल गई, बेटा."

तेव्हापासून मी जवळजवळ रोज सकाळी तिच्याकडे जाते. तिच्या सोसायटीच्या बागेत ती काठी टेकत दोन फेऱ्या मारते, मी तिच्या बरोबरीने. मला आता झोप लागते. ते मला मिळावं असं मी काही केलेलं नाही, पण लागते. चालताना ती मध्येच थांबून एखादं नाव घेते. मिलिंद? सुहास? मुकुंद तो नहीं? मी प्रत्येक वेळी तेच उत्तर देते, की मला माहीत नाही. काल ती थांबली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि चिडून नाही, नवल वाटल्यासारखी म्हणाली, "तू तो दिनभर उसके पास लेटी रहती थी. तूने कभी पूछा नहीं?"